मुंबईच्या हवेत ट्रान्झिस्टर

फेब्रुवारी 1960 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक अवाढव्य यंत्र रीतसर कामाला लागलं. त्यात 2,700 व्हॉल्व्ह, 1,700 जर्मेनियम डायोड आणि 12,500 रेझिस्टन्स होते. स्मरणशक्ती फेराइटच्या बारीक चुंबकी कड्यांची, 2,048 शब्दांची, आणि एकेक शब्द 40 बिटांचा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मुलांनी ते जवळजवळ शून्यातून उभं केलं होतं. त्यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक पाहिलेलासुद्धा नव्हता. जानेवारी 1962 मध्ये संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या इमारतींचं उद्घाटन झालं तेव्हा पंडित नेहरूंनी या यंत्राचं बारसं केलं, टिफ्रॅक.

बारसं झालं तेव्हाच बाळ म्हातारं होतं. आयबीएमने 7090 हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक 1959 च्या अखेरीलाच गिऱ्हाइकांकडे पाठवायला सुरुवात केली होती. तापलेल्या तारेच्या काचेच्या नळ्या आणि त्यांना थंड ठेवायला वातानुकूलन, हा सगळा संसार जगात आवरता घेतला जात होता आणि आपण तो नव्याने थाटला, अशी टीका टिफ्रॅकवर नेहमी होते. मला ती अर्धवट वाटते. 1964 मध्ये अमेरिकेतून सीडीसी 3600 हा ट्रान्झिस्टरचा मोठा संगणक संस्थेत आला, तेव्हा तो उघडून आतल्या जोडण्या समजून घेऊ शकणारी माणसं इथं तयार होती. ती टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हवर हात भाजून तयार झाली होती.

पण मुंबईतल्या ट्रान्झिस्टरचा इतिहास कुलाब्याच्या समुद्राकाठी घडला असं म्हणणं खरं होणार नाही. तिथून बसने ऑपेरा हाउसला उतरावं आणि लॅमिंग्टन रोडला लागावं. 1903 ते 1907 या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नरचं नाव असलेला हा रस्ता कागदोपत्री कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण रेडिओचा सुटा भाग घ्यायला निघालेला माणूस आजही लॅमिंग्टनलाच जातो. एके काळची इंपिरियल, नाझ, स्वस्तिक, मिनर्व्हा अशी थिएटरं, नाझच्या इमारतीत सिनेमाच्या वितरकांच्या कचेऱ्या, आणि त्यांच्या अध्येमध्ये कंडेन्सर-रेझिस्टन्सची चिंचोळी दुकानं. ट्रान्झिस्टरच्या जाती या शहराने शिकल्या त्या इथे, आणि पुस्तकातल्या क्रमाने नव्हे. बंदरात काय उतरलं, सरकारने कशाला परवाना दिला आणि मुंबईच्या हवेत काय टिकलं, या क्रमाने.

पुस्तकातला क्रम थोडक्यात असा. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याच्या पत्र्याची दोन टोकं अगदी जवळजवळ टेकवली आणि एका टोकाकडून दिलेला लहान संदेश दुसऱ्या टोकाशी मोठा होऊन निघाला. हा पहिला, पॉइंट कॉन्टॅक्ट जातीचा ट्रान्झिस्टर. नाजूक, लहरी, धक्का लागला की बिघडणारा. त्यांचा वरिष्ठ विल्यम शॉकली याला या शोधात आपलं नाव नसल्याचं इतकं लागलं की पुढच्या काही आठवड्यांत त्याने एकट्याने बसून दुसऱ्या जातीचा, जंक्शन ट्रान्झिस्टरचा आराखडा कागदावर उतरवला. टेकवलेल्या टोकांऐवजी एकाच स्फटिकात तीन थर. चीड कामाला लावावी ती अशी. पॉइंट कॉन्टॅक्ट जात काही वर्षांत संपली; शॉकलीची जात जगभर पसरली. तिघांना मिळून 1956 चं नोबेल मिळालं.

तीन थरांचं काम समजायला मुंबईकराला फार लांब जायला नको. पहाटे गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण उघडून लांब चावी फिरवणारा महापालिकेचा चावीवाला आठवावा. त्याच्या हाताचा जोर किरकोळ, पण त्या जोरावर अख्ख्या वाडीचं पाणी कमी-जास्त होतं. ट्रान्झिस्टरमध्ये मधला थर, म्हणजे बेस, ही ती चावी. एमिटर आणि कलेक्टर ही पाइपाची दोन टोकं. बेसमध्ये चिमूटभर प्रवाह सोडला की एमिटर-कलेक्टरमधून त्याच्या पन्नासपट, शंभरपट प्रवाह वाहतो. थरांचा क्रम पी-एन-पी असेल तर पीएनपी, एन-पी-एन असेल तर एनपीएन. दोघांचं काम एकच, फक्त बॅटरीची दिशा उलटी.

सुरुवातीला स्वस्तात बनली ती पीएनपी, आणि त्याचं कारण साधं कारखान्यातलं आहे. जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन्ही अंगांना इंडियम धातूचा एकेक ठिपका ठेवायचा आणि भट्टीत घालायचं. ठिपके वितळून चकतीत थोडे उतरतात आणि दोन्हीकडे पी थर तयार होतात. मध्ये उरलेली चकती हा बेस. फिलिप्स आणि मुलार्डचे ओसी 71, ओसी 72, ओसी 44, ओसी 45 हे सगळे याच कुळातले. 1950 च्या दशकाच्या अखेरीला आणि पुढच्या दशकाच्या आरंभी खिशात मावणारा, खांद्याला अडकवायचा जो रेडिओ मुंबईत आला, त्याच्या पोटात हेच असायचे.

आला तो दोन वाटांनी. पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ ऑक्टोबर 1954 मध्ये अमेरिकेत निघाला, चार ट्रान्झिस्टरचा रीजन्सी. पाठोपाठ 1955 मध्ये सोनीने जपानमध्ये आपला काढला आणि मग जपानने जगाचा बाजारच व्यापला. आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवर बंधनं. त्यामुळे जपानी ट्रान्झिस्टर सोनं, घड्याळं आणि नायलॉनच्या साड्यांबरोबर मागल्या दाराने उतरू लागला. तो गल्फहून परतलेल्याच्या ट्रंकेतून निघायचा, नाही तर गोदीतल्या ओळखीने मिळायचा. पुढल्या दाराने येणारा माल म्हणजे ठाण्याची मर्फी, मुंबईची नेल्को, बुश, आणि फिलिप्स. देशी कंपन्यांना लागणारे ट्रान्झिस्टर आधी बाहेरूनच येत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर करायला घेतले आणि ‘बीईएल’ ही तीन अक्षरं मेकॅनिकांच्या बोलण्यात शिरली.

त्या काळच्या रेडिओवर ‘6 ट्रान्झिस्टर’, ‘8 ट्रान्झिस्टर’ असे आकडे दिमाखात छापलेले असत, घड्याळावर ज्वेलचे असत तसे. आकडा मोठा म्हणजे माल भारी, हा गिऱ्हाइकाचा हिशेब ओळखून परदेशातल्या काही कंपन्या निकामी किंवा कमअस्सल ट्रान्झिस्टर नुसत्या डायोडच्या जागी बसवून आकडा वाढवीत. मागचं झाकण काढणाऱ्या मेकॅनिकाला ही लबाडी लगेच कळायची.

चाळीत या डब्याने काय बदललं ते मोजणं कठीण नाही. व्हॉल्व्हचा रेडिओ हे घरातलं फर्निचर होतं. वर विणलेला रुमाल, बाजूला देवाची तसबीर, आणि लावल्यावर नळ्या तापेपर्यंत वाट पाहणं. त्याला भिंतीतली वीज लागे. गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांत ती एका दिव्यापुरती होती किंवा नव्हतीच. ट्रान्झिस्टरला टॉर्चचे सेल पुरत. तो गॅलरीत आला, गिरणीच्या फाटकापाशी पोहोचला, लोकलच्या डब्यात चढला. भोकं पाडलेलं चामड्याचं कव्हर आणि खांद्यावर पट्टा, असा तो लग्नातल्या रुखवतापर्यंत गेला. त्याला पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दरवर्षी पैसे भरून पुस्तकावर शिक्का घ्यावा लागे, ही गोष्ट मात्र अनेकांनी सोयीस्करपणे विसरायची ठरवली होती. सायकलीसारखा उघड्यावर फिरणारा ऐवज, पण तपासायला येणार कोण?

आणि मग मुंबईची हवा आडवी आली. जर्मेनियमचा मोठा दोष म्हणजे गळती. बेसमध्ये काहीही न सोडता कलेक्टरमधून थोडा प्रवाह झिरपत राहतो आणि तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ती गळती साधारण दुपटीने वाढते. युरोपातल्या खोलीसाठी आखलेलं सर्किट मे महिन्याच्या दुपारी, चामड्याच्या कव्हरात, उन्हातल्या खिडकीत ठेवलं की आवाज चिरकायचा, फाटायचा, आणि प्रवाह वाढल्याने ट्रान्झिस्टर आणखी तापून कायमचा जायचा. सर्किटमध्ये थर्मिस्टर घालून, बायसचे रेझिस्टन्स बदलून यावर इलाज व्हायचे. सोल्डर मारतानाही जपावं लागे. ट्रान्झिस्टरचा पाय लांब नाकाच्या पकडीत धरायचा, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीची उष्णता पकडीत जाते आणि काचेच्या आत पोहोचत नाही. ही शिस्त शिकलेली पिढी आजही पकड आधी उचलते आणि सोल्डरिंगची इस्त्री नंतर.

ओसी 71 जवळून पाहावा असा होता. बोटाच्या पेरापेक्षाही लहान काचेची नळी, तिच्यावर काळा रंग, खाली तीन तारा, आणि कलेक्टर कुठला ते सांगायला कडेला लाल ठिपका. तो काळा रंग शोभेचा नव्हता. नखाने किंवा ब्लेडने खरवडला की आतल्या जर्मेनियमवर उजेड पडायचा आणि उजेडाबरोबर प्रवाह वाढायचा. म्हणजे ध्वनीसाठीचा स्वस्त ट्रान्झिस्टर फुकटात प्रकाश ओळखू लागायचा. ओसीपी 71 या नावाने कंपनी हाच गुण जास्त पैशांना विकत होती. खरवडणारे फार झाल्यावर पुढच्या मालात नळीच्या आत अपारदर्शक लुकण भरलं जाऊ लागलं आणि ही सोय बंद झाली.

जातींचा फरक सामान्य श्रोत्याला थेट जाणवला तो सिलोनमुळे. आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी हद्दपार झाल्यावर, 1952 पासून, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत बोलत, ध्वनिमुद्रण कोलंबोला जाई, आणि तिथून ते शॉर्टवेव्हवर परत मुंबईत ऐकू येई. आता ओसी 45 हा मीडियम वेव्हच्या रेडिओतल्या मधल्या टप्प्यापुरता ठीक. ओसी 44 मीडियम वेव्ह पकडण्यापुरता. सात मेगाहर्ट्झच्या पुढचा 41 मीटर बँड त्यांच्या आवाक्याबाहेर. कारण पुन्हा तेच, भट्टीतली चकती. मधला थर जितका जाड, तितका त्यातून विद्युतभार पार व्हायला वेळ जास्त, आणि तितकी वरची फ्रिक्वेन्सी कमी. बेसमध्ये अशुद्धी चढत्या-उतरत्या प्रमाणात मुरवून केलेली डिफ्यूज्ड जात, म्हणजे ओसी 170 आणि नंतरचे एएफ मालिकेतले, यांनी तो प्रश्न सोडवला. तेव्हा स्वस्तातला एका बँडचा ट्रान्झिस्टर घेणाऱ्याला मुंबई केंद्र ऐकून गप्प बसावं लागे आणि शेजारच्या दोन बँडवाल्याकडे बुधवारी रात्री मैफल जमे. त्या मैफलीची खरी किल्ली एका थराच्या जाडीत होती, हे तिथं बसलेल्यांच्या गावीही नव्हतं.

सिनेमाची गाणी वाजवायचं शहाणपण आकाशवाणीला उशिरा सुचलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली आणि 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई-पुणे-नागपूरवर तिची जाहिरातीसह सेवा सुरू झाली. मीडियम वेव्हवर सिनेमाची गाणी मिळू लागली, तेव्हा साधा एका बँडचा ट्रान्झिस्टरही पुन्हा कामाचा झाला.

गळतीवर खरा उतारा होता सिलिकॉन. गॉर्डन टील या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या शास्त्रज्ञाने मे 1954 मध्ये ओहायोतल्या एका परिषदेत तो नाट्यमय रीतीने दाखवला. रेकॉर्ड प्लेअर लावला, त्याच्या ॲम्प्लिफायरमधला जर्मेनियम ट्रान्झिस्टर उकळत्या गरम तेलात बुडवला, गाणं बंद. मग सिलिकॉनचा लावून तोही तेलात बुडवला, गाणं चालूच. पाच वर्षांनी फेअरचाइल्डच्या जाँ होर्नीने प्लेनर पद्धत काढली, ज्यात सिलिकॉनच्या पृष्ठावर त्याच्याच ऑक्साइडचं संरक्षक कवच राहतं. दमट हवा, धूळ, घाम यांपासून जंक्शन झाकलं गेलं. मुंबईसाठी यापेक्षा चांगली बातमी नव्हती, फक्त ती इथं पोहोचायला आणखी दहाएक वर्षं लागली.

सिलिकॉनबरोबर एक गंमत झाली. जर्मेनियममध्ये पीएनपी सोपा होता. सिलिकॉनमध्ये एनपीएन सोपा आणि चांगला निघाला, कारण एनपीएनमध्ये काम मुख्यतः इलेक्ट्रॉन करतात आणि ते होलपेक्षा चपळ असतात. त्यामुळे सगळ्या रेडिओची दिशा फिरली. जुन्या सेटमध्ये बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असे, नव्यात ऋण. दोन्ही पिढ्यांचे सेट एकाच टेबलावर दुरुस्तीला येत, आणि सवयीने चुकीची तार चासीला लागली की क्षणात दोन-तीन नग उडायचे.

1970 च्या दशकात मुंबईच्या मेकॅनिकांच्या तोंडी जे आकडे बसले ते याच सिलिकॉन पिढीचे. बीसी 147, 148, 149 आवाजासाठी. बीएफ 194, 195 रेडिओच्या लहरींसाठी. प्लास्टिकचं चपटं अंग आणि पट्टीसारखे, मध्ये वाकवलेले पाय, बोर्डाच्या भोकात दाबले की अडकून बसणारे. बीसी आणि बीएफ बाहेरून सारखेच दिसत, पण पायांचा क्रम वेगळा. नवशिक्याची पहिली फजिती तिथंच ठरलेली. आवाज मोठा करायच्या टप्प्यावर अजून जर्मेनियमचीच जोडी, एसी 187 आणि 188, एक एनपीएन आणि एक पीएनपी. लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. दुकानात कोणी ‘बीसी’ वगैरे म्हणत नसे. “शेठ, वन-फोर-एट दहा द्या,” एवढं पुरे.

24 ऑगस्ट 1971 ला हा सगळा जामानिमा एकदम कामाला लागला होता. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. ओव्हलवर अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवायच्या बेतात होता. आदल्या दिवशी चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेऊन वाट मोकळी केली होती. लंडनमधल्या भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली. इकडे गिरगावात, दादरला, लालबागला घराघरात गणपती बसलेले, आणि आरतीच्या ताटाशेजारी ट्रान्झिस्टर. वाडेकर शिवाजी पार्कच्या परिसरातले आणि गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीतले. धावफलक हा घरचाच मामला होता. टीव्ही मुंबईत यायला अजून वर्षभर अवकाश होता. वरळीहून दूरदर्शन सुरू झालं ते 2 ऑक्टोबर 1972 ला.

गणपतीचा उल्लेख आला की लाउडस्पीकर आलाच. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जड, तापणारे, आणि मिरवणुकीच्या ट्रकवर हेलकाव्यात नळ्या फोडून घेणारे. त्यांची जागा घेणारा जो ट्रान्झिस्टर मंडपवाल्यांच्या पोरांनाही ठाऊक झाला, तो 2एन 3055. अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा, 15 अँपिअर आणि 115 वॉटचा. चपट्या तळावर बसवलेली पोलादी टोपी, दोन बाजूंना स्क्रूची दोन भोकं, आणि पाय मात्र दोनच. तिसरा पाय, कलेक्टर, म्हणजे खुद्द टोपी. त्यामुळे तो ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाचा पातळ पत्रा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट फासायची. उष्णता पलीकडे जायला हवी, वीज नको. पेस्ट कमी पडली तर विसर्जनाच्या मिरवणुकीत भर लालबागला आवाज बंद. या 3055 ला ढकलायला एसएल 100 आणि एसके 100 ही धातूच्या टोपीची एनपीएन-पीएनपी जोडी असे. टोपीच्या कडेला एक बारीक कान, तो एमिटरच्या बाजूला. दोन्ही बाजूंना 3055 च वापरून, म्हणजे दोन्ही एनपीएन, लाटेचे दोन अर्धे उचलायची एक तडजोडीची रचना तेव्हाच्या बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये दिसते. दणकट सिलिकॉन पीएनपी दुर्मीळ आणि महाग होता, म्हणून ही युक्ती.

जे चालतं त्याची नक्कल होते. “तीस पचपन है क्या?” असं विचारलं की समोरून “कौन सा चाहिये?” असा प्रतिप्रश्न यायला लागला, त्यात सगळं आलं. नकली 3055 वर छाप अस्सलसारखीच; पण करवतीने टोपी कापली की आत मोठ्या चिपच्या जागी एक लहानशी चिप दिसे, कुठल्या तरी हलक्या जातीची. मीटरवर दोन्ही सारखेच उतरत. फरक कळे तो पूर्ण आवाज सोडल्यावर, साधारण दहा मिनिटांत, वासाने.

1983 मध्ये ‘एलेक्टर’ या डच मासिकाची भारतीय आवृत्ती निघू लागली, आणि तिचा पत्ता होता ग्रँट रोडचा प्रॉक्टर रोड, म्हणजे या बाजाराच्या ऐन कुशीत. या मासिकाची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटत आली आहे. सर्किटच्या चित्रात बऱ्याच ठिकाणी ट्रान्झिस्टरचा नंबरच नसे; नुसतं ‘टन’ किंवा ‘टप’. सर्वसाधारण एनपीएन, सर्वसाधारण पीएनपी. अट एवढीच की तो 20 व्होल्ट आणि 100 मिलिअँपिअर सोसणारा, किमान शंभरपट वाढ देणारा, 100 मिलिवॉट आणि 100 मेगाहर्ट्झचा असावा. बीसी 107 घाला, 148 घाला, 547 घाला, चालेल. शेकडो नंबरांच्या जंगलात बहुतेक नंबर एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, हे या दोन छोट्या नावांनी शिकवलं. पाठ करायच्या असतात त्या जाती, नंबर नव्हेत. आपल्या अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांनी बरोबर उलटं केलं.

त्या प्रयोगशाळांत दोन नग हमखास भेटत. एक 2एन 2646, यूजेटी, ज्यात जंक्शन एकच आणि बेस दोन. हा प्रवाह वाढवत नाही. ठरावीक व्होल्टेज चढलं की एकदम उघडतो, पुन्हा मिटतो, आणि ठोके देत राहतो. त्या ठोक्यांवर एससीआर चालवून दिव्यांच्या धावत्या माळा करणं हा परळ-लालबागच्या कितीतरी हौशी पोरांचा गणपतीतला उद्योग होता. दुसरा बीएफडब्ल्यू 10. याला चक्क चार पाय. चौथा नुसता टोपीचा, बाहेरचा गोंगाट अडवण्यासाठी. ही जात मात्र मुळातच निराळी, फील्ड इफेक्टची, म्हणजे फेट. चावीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर आधीच्या जातीत चावी सतत जोर लावून धरावी लागते, बेसमध्ये थोडा का होईना प्रवाह द्यावाच लागतो. फेटमध्ये पाइपच बाहेरून दाबला जातो. गेटवर व्होल्टेज असतं, पण प्रवाह जवळजवळ नसतो. त्यामुळे अगदी अशक्त संदेशावरही त्याचा भार पडत नाही.

इतिहासाचा विनोद असा, की सगळ्यात उशिरा रूढ झालेली ही जात कल्पनेत सगळ्यात आधीची. ज्युलियस लिलिएनफेल्डने तिच्या पेटंटचा पहिला अर्ज 1925 मध्ये केला, बार्डीन-ब्रॅटनच्या बावीस वर्षं आधी. तेव्हा लागणारं शुद्ध द्रव्यच कोणाकडे नव्हतं. 1959 मध्ये बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डाउऑन कांग यांनी गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा पापुद्रा ठेवून मॉसफेट केला, आणि आज जगात बनणाऱ्या ट्रान्झिस्टरपैकी जवळपास सगळे त्याच जातीचे असतात. तुमच्या मोबाइलमध्ये अब्जावधी. तो पापुद्रा इतका पातळ की अंगावरच्या स्थिर विजेने फुटतो. म्हणून काळ्या स्पंजात खोचून देतात, मनगटाला अर्थिंगची पट्टी बांधा म्हणतात. दिल्लीच्या कोरड्या थंडीत ही ताकीद मोलाची आहे. मुंबईत दमट हवेमुळे अंगावर वीज फारशी साठतच नाही, आणि लॅमिंग्टन रोडवर मॉसफेट फुटाण्यासारखे मुठीत घेऊन मोजून देणारे दुकानदार वर्षानुवर्षं त्यातून निभावून गेले. जर्मेनियमला ज्या हवेने छळलं तिनेच मॉसफेटला सांभाळून घेतलं.

1925 या सालाशी मुंबईचं आणखी एक नातं आहे. त्या वर्षी 3 फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरून देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1,500 व्होल्ट डीसीवर. नव्वद वर्षं लोकल त्याच विजेवर चालल्या. त्यांचा वेग वाढवायची पद्धत रांगडी होती. मोटारीच्या वाटेत मोठे रेझिस्टन्स घालायचे आणि गाडी पळू लागली की ते एकेक करून काढायचे. दादरहून गाडी सुटताना डब्याखाली जी खडखड क्रमाने व्हायची, ती हीच. दर स्टेशनला त्या रेझिस्टन्समध्ये वीज जळून नुसती उष्णता व्हायची, आणि थांबताना ब्रेकच्या ठोकळ्यांत पुन्हा उष्णता.

हे बदललं ते एका मिश्र जातीने. मद्रासमध्ये जन्मलेले, तिथल्याच आयआयटीत शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी 1980 च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयजीबीटी विकसित केला. वर मॉसफेटचं गेट, खाली बायपोलरचं शरीर. हुकूम व्होल्टेजचा, ताकद शॉकलीच्या जुन्या जातीची. शेकडो अँपिअर आणि हजारो व्होल्ट तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि त्यातून मोटारीला हवी तशी तीन फेजची वीज घडवून देतो. 2007 च्या अखेरीस पश्चिम रेल्वेवर सीमेन्सच्या यंत्रणेच्या नव्या लोकल धावू लागल्या त्या याच्या जोरावर. डीसी आणि 25,000 व्होल्ट एसी, दोन्हींवर चालणाऱ्या. सुटताना खडखडीऐवजी चढत जाणारा बारीक सूर, आणि थांबताना मोटारच जनित्र होऊन तारेत वीज परत. पश्चिम रेल्वेने डीसी 2012 च्या फेब्रुवारीत सोडला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने जून 2015 मध्ये, आणि हार्बरने एप्रिल 2016 मध्ये.

आयजीबीटी आता लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवरही आहे. रेल्वेचा विटेएवढा नव्हे. इंडक्शन शेगडीतला, वेल्डिंगच्या मशीनमधला, बोटभर रुंदीचा, तीन पायांचा काळा चौकोन. परळच्या कुठल्या तरी सोसायटीतली शेगडी बंद पडते, मेकॅनिक मागचं झाकण काढून मीटर लावतो, शॉर्ट दाखवतो आणि नंबर चिठ्ठीवर लिहून पोराला ग्रँट रोडला पिटाळतो. काउंटरवरचा माणूस चिठ्ठी वाचतो आणि मान वर न करता विचारतो, “ओरिजिनल पाहिजे, की चालू?”